आदी गाव, मग नाव

"मूळ गाव कंचं?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला कुणी नाव विचारलं नाही, नेमणुकीचा कागद मागितला नाही. ठाण्यात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला टेबल, टेबलामागं पांढऱ्या मिशांचे एक हवालदार, आणि चष्म्यावरून आलेला हा प्रश्न.

"किकवी," मी म्हटलं.

"किकवी न्हवं. मूळ गाव."

"किकवीच आहे."

"आज्या कुठला?"

"किकवीचाच."

"त्याचा बा?"

घ्या! पणजोबांचं गाव कुणाच्या ध्यानात असतं? पण माणूस हटेना. शेवटी मी घरी फोन लावला, आईनं चुलत्याला विचारलं, चुलत्यानं त्याच्या आत्याला, आणि अर्ध्या तासानं कळलं, की आम्ही मूळचे वेल्ह्याकडच्या डोंगरातले. भाऊबंदकीत भांडण झालं, पणजोबांनी बैलजोडी सोडवली आणि खाली उतरले. हे मी सांगितलं तेव्हा कुठं हवालदारांनी समोरची खुर्ची सरकवली.

"मंग असं सांग की. चार पिढ्या ऱ्हायली म्हणून काय किकवीची झालीस व्हय? बस. च्या घे."

ते नथूतात्या. ठाणं कुठलं ते सांगत नाही, माझी नोकरी आहे अजून. भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यातलं एक, एवढं पुरे.

तात्यांकडं कोठडीची वही होती. आत कोण आलं, कधी आलं, कधी सुटलं, हे सगळं त्यांच्या हातानं. छापील वहीत नाव, वय, गुन्हा, पत्ता असे रकाने असतात. तात्यांनी त्या सगळ्यांच्या आधी, समासात, स्वतःचा एक रकाना पाडला होता आणि तो लाल पेनानं भरायचे. मूळ गाव. तो भरल्याशिवाय बाकीच्या रकान्यांना हात लावत नसत. "आदी गाव, मग नाव. नाव बापानं ठिवलेलं असतंय, मान्सं लबाडीनं बदलत्यात बी. गाव कुणी बदलत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. नवीन साहेब आला की या लाल रकान्यावरून एकदा तरी कुरकुर व्हायची. मग महिन्याभरात साहेबच विचारायला लागायचा, "तात्या, हा कुठला निघाला?"

कारण त्याचा उपयोग व्हायचा. मोटरसायकल चोरणारा एक पोरगा दोन दिवस तोंड उघडेना. तात्यांनी त्याला मारलं नाही, दम दिला नाही. त्याच्या आज्याचं गाव काढलं, आज्याचा मेव्हणा काढला, आणि त्या मेव्हण्याला फोन लावून स्पीकर चालू करून पोराच्या कानाला धरला. पलीकडून म्हातारा फक्त रडत होता. पोरानं गाडी कुठं लपवली ते सांगितलं आणि वर तात्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवलं.

आणि ती म्हातारी! शिवऱ्याच्या फाट्यावर ट्रकवाल्यांना सापडली होती. नाव सांगता येईना, लेकाचं नाव येईना, आज वार कुठला ते येईना. मी तासभर डोकं आपटलं. तात्या आले, तिच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि म्हणाले, "आई, म्हायेर कंचं गं?" म्हातारीनं पटकन गावाचं नाव घेतलं, वर घरापुढच्या विहिरीचं वर्णनही केलं. संध्याकाळच्या आत ती भाच्याच्या घरी होती. त्या दिवशी मीही मानलं, की बाबा, या माणसाच्या वेडात काहीतरी दम आहे.

हे सगळं आधी सांगतेय, कारण नंतर जे झालं ते ऐकून तात्यांना कुणी बिनडोक म्हणू नये. ते बिनडोक नव्हते. हीच सवय तीस वर्षं लोकांच्या कामी आली होती.

या वेडाचं कारण भाटघरच्या पाण्याखाली होतं. तात्यांचं गाव करंजटेप. धरण बांधलं तेव्हा बुडालं; तात्यांचे आजोबा तेव्हा कडेवर होते म्हणे. माणसं वर डोंगराच्या अंगाला सरकली, दुसऱ्या गावाच्या कुशीत घरं बांधली, त्या गावाच्या नावावर सरकारात लागली. तात्यांचा जन्म तिथला, लग्न तिथलं, आधारकार्ड तिथलं. पण गाव विचारलं, की तोंडातून करंजटेपच यायचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की गाळात घरांच्या जोत्यांच्या रेघा उघड्या पडतात. तात्या रजा टाकून जायचे, त्यांच्या जोत्यावरचा गाळ हातानं सारायचे आणि उंबऱ्याच्या दगडाला हळदकुंकू वाहायचे. एकदा आम्हा चौघांना घेऊन गेले होते. जिथं कधी राहिलेच नाहीत त्या घरात आम्हाला फिरवलं, "हितं चूल, हितं गोठा, हितं माजी पणजी बाळंत व्हायची." आम्ही चिखलात उभे. खरं सांगू का, मला तेव्हा हसू येत होतं.

तात्यांच्या निवृत्तीला सहा-सात महिने राहिले असतील, तेव्हा वरून ते पत्र आलं. कोठडीत परप्रांतातला माणूस आला, तर सोडण्याआधी त्याचा चौकशीचा फॉर्म भरून पाठवायचा. तो परदेशातून चोरून आलेला नाही ना, याची त्याच्या मुलखातल्या पोलिसांकडून खात्री होईपर्यंत त्याला जाऊ द्यायचं नाही. खात्री पटली नाही, तर शहरातून एक पथक येईल, त्यांच्या ताब्यात द्यायचं. मीच ते पत्र मोठ्यांदा वाचून दाखवलं. "चोरून आलेले असतात तात्या, बनावट कागद करतात," असं साहेब म्हणाले आणि ते खोटंही नव्हतं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

तात्यांनी फॉर्म हातात घेऊन बघितला. वरून दुसरा रकाना होता, 'मूळ रहिवास'. त्यांचा चेहरा असा फुलला! "बगा. सरकारला उशिरा का हुईना, पन कळलं."

आठवडाभरात रफिकुल आला.

शिवऱ्याजवळ गोदामाचं बांधकाम चालू होतं, तिथं तो सेंट्रिंगवर होता. पत्र्याच्या शेडमध्ये बायको मोमेना आणि चार वर्षांची मुलगी. पाण्याच्या नळावरून दुसऱ्या टोळीशी भांडण झालं, याची बादली त्याच्या डोक्यात गेली, त्याचं फावडं याच्या हातावर. दोघांनाही आणलं. दुसरा बार्शीकडचा, तो तीन दिवसांनी जामीन लिहून देऊन गेला. रफिकुलच्याही सुटकेचा आदेश त्याच कागदावर होता. फक्त त्याचा फॉर्म राहिला होता.

तात्यांनी त्याला टेबलापाशी बसवलं. मी शेजारी कॉम्प्युटरवर. रफिकुलनं मोबाईलवर आधारकार्डाचा फोटो काढून पुढं केला. पत्ता बंगालमधला, जिल्हा-बिल्हा सगळं नीट. मी टाईप करायला घेतलं.

"थांब," तात्या म्हणाले. "कार्ड ऱ्हाऊं दे. मूल गाव कौनसा?"

रफिकुलला आधी कळलं नाही. मग म्हणाला, "वो तो अभी नहीं है साब."

"नहीं है मतलब?"

"नदी खा गया. मैं छोटा था. घर, मसजिद, आम का बगान, सब पानी में गया. फिर अब्बा लोग पास में ही गया, मामा के गाँव में. कार्ड में मामा का गाँव है."

तात्यांनी पेन खाली ठेवला. मी त्यांना कुणाकडं असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. "आरं, माजं बी!" ते मराठीतच ओरडले. "माजं बी पान्यात गेलं! धरनात!" आणि मग दोघं सुटले. एकाचं धड मराठी नाही, दुसऱ्याचं धड हिंदी नाही, पण उन्हाळ्यात काय दिसतं, काय दिसत नाही, सगळं बोलून झालं. रफिकुलचं काहीच दिसत नाही म्हणे; नदीनं जमीनच नेली. तात्या हळहळले. "आमचं निदान जोतं तरी हाय."

मग त्यांनी त्याच्याकडून त्या गेलेल्या गावाचं नाव तीनदा म्हणून घेतलं आणि लाल पेनानं वहीत लिहिलं. मला म्हणाले, "फारमावर बी त्येच टाक."

"तात्या, कार्डावरचा पत्ता टाकायला नको? रकाना एकच आहे."

"मूळ म्हंजी मूळ. कार्ड काय, आज हितलं, उद्या तितलं. मानसाचं खरं गाव लिहायला नगं?"

मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. पण तात्यांशी गावावरून कोण वाद घालणार? मी टाईप केलं आणि पाठवलं.

उत्तर येईपर्यंत रफिकुल ठाण्यातच होता. कोठडीत नव्हे, सुटकेचा आदेश झालेला, वहीत 'सोडले' अशी सहीही झालेली. बाहेरच्या बाकावर बसायचा. दाराशी एक जण उभा. रफिकुल उठून चालायला लागला, की "ए, बस" म्हणायचे. माझ्या डोक्यात हे अजून बसत नाही. आमच्या वहीत तो मोकळा होता आणि बाकावरून हलायची त्याला परवानगी नव्हती. मोमेना रोज मुलीला घेऊन यायची, समोरच्या करंजाच्या झाडाखाली बसायची आणि संध्याकाळी निमूट परत जायची.

तात्यांनी घरून इंद्रायणीचा भात आणायला सुरुवात केली, कारण ठाण्याच्या डब्यातली चपाती त्याच्या घशाखाली उतरेना. "त्यो आपल्यातलाच हाय. भात खातो, गाव पान्यात." रफिकुल बसून कंटाळला, तेव्हा ठाण्याचं मागचं दार काढून त्यानं घासून बसवलं, दहा वर्षं ते लागत नव्हतं. आता एका बोटानं लागतं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मीच उघडलं. दोन ओळी. सदर ठाण्याच्या हद्दीत या नावाचे गाव अस्तित्वात नाही. सदर इसम तेथील रहिवासी असल्याचे आढळून येत नाही.

तात्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग हसले. "व्हय की. न्हाईच हाय गाव. नदीत गेलंय. साहेबांना सांगतो म्या."

साहेबांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तात्या, फॉर्मवर तुम्हीच लिहिलंय ना हे गाव? त्यानं सांगितलेलं?"

"व्हय, पन..."

"मग आता दुसरं गाव लिहून पाठवलं, तर काय म्हणतील? पहिलं खोटं ठरलं म्हणून दुसरं पढवलं."

"साहेब, कार्ड हाय त्याच्याकडं."

"कार्डं बनावट असतात, म्हणून तर फॉर्म आलाय."

तात्या तरी उभेच राहिले. मी त्यांना वरिष्ठांपुढं आवाज चढवताना पहिल्यांदा ऐकलं. "आवो, गाव बुडालं म्हणून मान्सं खोटी हुत्यात व्हय? मंग म्या कोन?" साहेबानं समोरची फाईल मिटली. त्यानं वर कळवलेलं होतं आधीच.

करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं आपण हसत म्हणतो. त्या दिवशी दुपारी मला ती म्हण आठवली.

तीनच्या सुमाराला पांढरी गाडी आली. चार माणसं, साध्या कपड्यात. कुणी आवाज केला नाही, कुणी शिवी दिली नाही, पाणी मागितलं, प्यायले, कागद पुढं केला. वहीत मोकळ्या असलेल्या माणसाचा ताबा द्यायचा, म्हणून सही लागत होती. ती तात्यांची. तात्यांनी पेन शोधला, मिळेना. खिशात लाल होता, तो चालत नाही म्हणाले. शेवटी माझा निळा घेतला.

रफिकुल बाकावरून उठला. त्याला वाटत होतं, शहरात नेऊन विचारतील आणि सोडतील. मोमेनाला झाडाखाली हातानंच खूण केली, की येतो. मग जाता जाता तात्यांपाशी थांबला आणि म्हणाला, "साब, गाँव का नाम ठीक से लिखा है ना? फिर कोई डर नहीं."

तात्यांची मान हलली, ती हो म्हणून का नाही म्हणून, कुणास ठाऊक. गाडी गेली.

त्यानंतर तात्यांनी काय काय केलं! मोमेनाकडून मामाच्या गावच्या प्रधानाचा, म्हणजे तिकडच्या सरपंचाचा, नंबर घेतला, त्याच्याशी मोडक्या हिंदीत भांडले, विनवण्या केल्या. आठ दिवसांनी मोबाईलवर पत्र आलं, बंगालीत, खाली गोल शिक्का. हा आमचाच माणूस आहे, याचं जुनं गाव नदीत गेलं, हे आम्ही जाणतो. साहेबांनी तेही लगेच पुढं पाठवलं. उत्तर फोनवर आलं. तो आता आमच्याकडं नाही, पुढं गेला. पुढं म्हणजे कुठं, ते सांगितलं नाही.

ते मोमेनालाच कळलं. तिला एका अनोळखी, परदेशातल्या नंबरावरून फोन आला. एका बाजारातल्या दुकानदाराचा मोबाईल होता. रफिकुल बोलत होता. बऱ्याच जणांबरोबर त्याला सरहद्दीवर नेलं, शेतातून चालायला लावलं, वळून बघू नका म्हणाले. आता पलीकडची माणसं विचारतायत, तुझं गाव कुठलं. एवढं बोलून फोन कट झाला. तिनं परत लावला तर दुकानदार म्हणाला, तो गेला. दुसऱ्या दिवसापासून तो नंबर लागलाच नाही.

मोमेना हे ठाण्यात येऊन सांगत होती आणि तात्या टेबलावरची लाल रेघांची वही हातानं झाकून बसले होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "पोरी, म्या काय इचारलं त्याला? गावच इचारलं ना?"

त्या दिवसापासून समासातला रकाना कोराच राहिला. कुणी आलं, की तात्या नाव विचारायचे, कार्ड मागायचे, उतरवून घ्यायचे, बस्स. चहाला बोलावणं बंद. निवृत्तीचे कागद गोळा करताना मात्र एक दिवस त्यांनी शाळेचा दाखला माझ्यापुढं ठेवला. त्यावर 'जन्मगाव: करंजटेप'. आजोबांनी मास्तरांना अभिमानानं सांगितलेलं. "कार्डावर एक, दाखल्यावर एक," तात्या हळूच म्हणाले. "करंजटेप कुठं हाय गं सरकारात? न्हाई ना?" मी म्हटलं, "तात्या, काहीतरीच काय! तुम्हाला कोण विचारतंय?" ते म्हणाले, "त्याला बी असंच वाटलं हुतं."

दाखला त्यांनी घडी करून आतल्या खिशात ठेवला. त्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं, जोती उघडी पडली, आणि तात्या गेले नाहीत. उंबऱ्याच्या दगडावर गाळ तसाच राहिला, असं त्यांच्या मुलाकडून कळलं.

तात्या निवृत्त झाले आणि आणखी एक पत्र आलं. आता कोठडीत येईपर्यंत थांबायचं नव्हतं. बांधकामं, वीटभट्ट्या, कोंबड्यांच्या शेडी, जिथं जिथं बाहेरची माणसं आहेत तिथं आपणच जाऊन याद्या करायच्या. शिवऱ्याची यादी माझ्याकडं आली. मी सकाळी गाडी काढली, बॅगेत फॉर्मचा गठ्ठा. वरून दुसरा रकाना तोच.

गोदामाच्या मागं पत्र्याच्या शेडी. कुत्रं भुंकलं. वळून बघते तर शेडीपुढच्या मोकळ्या जागेत पंचवीसेक माणसं मांडी घालून बसलेली, बायका, पोरं, आणि पुढ्यात वाळूच्या पोत्यावर आमचे तात्या. पांढरा सदरा, टोपी. एकेकाला उठवत होते.

"गाँव?"

माणूस कार्डावरचा पत्ता घडाघडा म्हणायचा.

"उसके पैले का?"

"इधर का ही है साब. पैले से."

"नदीचं नाव काडायचं न्हाई. कोई कितना बी पुछे, चाय पिलाके पुछे, हसके पुछे. मूळ गाव सांगायचं न्हाई. समज्या?"

मोमेना होती त्यांच्यात. रोज त्याच मोबाईलकडं बघत राहिलेली, कुठंच न गेलेली. तिच्या मांडीवरची मुलगीही सगळ्यांबरोबर पत्ता म्हणत होती, जिल्हा, ठाणं, पिनकोडसकट.

मग सगळ्यांनी मला पाहिलं. वर्दीत, हातात गठ्ठा. मला वाटलं, तसंच मागं फिरावं. खोटं कशाला सांगू.

तात्या पोत्यावरून उठले, खुर्ची नव्हती म्हणून तेच पोतं झटकून मला पुढं केलं. "बस पोरी. तुजं काम हाय, कर." मी बसले. फॉर्म काढला. कुणी पुढं येईना. तेव्हा तात्याच माझ्यासमोर उकिडवे बसले, म्हातारीपुढं बसले होते तसे, आणि म्हणाले, "आदी माजं लिही. म्हंजी ह्यांची भीड चेपंल."

मी नाव लिहिलं. हात दुसऱ्या रकान्यावर आला. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण सगळे बघत होते आणि तात्या वाट बघत होते.

"तात्या, मूळ गाव?"

तिथून भाटघरचं पाणी दिसत नाही, मध्ये डोंगर आहे. तात्यांनी तिकडं बघितलंही नाही. माझ्या डोळ्यांत बघत त्यांनी आधारकार्डावरचा पत्ता सांगितला, सावकाश, माझं लिहून होईल अशा बेतानं.

"त्याच्या आधीचं?" मी विचारलं.

"त्याच्या आदी कायबी न्हवतं," तात्या म्हणाले. "लिही."